किकॅडमध्ये व्हाया पडतच नाहीये, 14 कनेक्शन लोंबकळतायत

डिप्लोमावाला

नमस्कार मंडळी, लास्ट इयरचा प्रोजेक्ट आहे, ठिबकचे 4 व्हॉल्व्ह टायमरवर चालू-बंद करायचे, व्हॉल्व्ह 24 व्होल्ट एसीचे. बोर्डवर अ‍ॅटमेगा328पी (मायक्रोकंट्रोलर) सॉकेटमध्ये, एक यूएलएन2003 (रिले चालवणारी आयसी), 4 रिले आणि स्क्रू टर्मिनल, बास. किकॅड 8 (सर्किट बोर्ड काढायचं सॉफ्टवेअर) मध्ये दोन लेयरचा, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे तांबं असलेला बोर्ड काढतोय. ट्रॅक (तांब्याची रेघ) सुरू करतो, मधे काही आडवं आलं की व्ही दाबून व्हाया (ट्रॅक दुसऱ्या लेयरवर नेणारं भोक) टाकायला जातो तर कधी पडतो कधी नाही, जागा चांगली मोकळी दिसते तरी कर्सर तिथेच घुटमळतो. दोन रात्री गेल्या, अजून 14 पांढऱ्या रेघा (ट्रॅक न काढलेली कनेक्शन) बाकी आहेत. मित्र म्हणतो ऑटोराउटर (आपोआप ट्रॅक काढणारं सॉफ्टवेअर) लाव आणि झोप. काय करू?

तांब्याचीतार

आधी एक बावळट प्रश्न, कीबोर्ड मराठीवर तर राहिला नाही ना? माझं एकदा झालं होतं, इन्स्क्रिप्टमध्ये व्हीच्या जागी न असतो, मी अर्धा तास न न न करत बसलो होतो 😄 ट्रॅक चालू असताना राइट क्लिक करून व्हाया टाकून बघ, तसा पडला तर बटणाचा घोळ.

डिप्लोमावाला

नाही दादा, एक्सने ट्रॅक सुरू होतोय म्हणजे कीबोर्ड बरोबर आहे. राइट क्लिकने पण तेच.

फेरिकक्लोराइड

व्हायाचा साइज आणि क्लिअरन्स (शेजारच्या तांब्यापासूनचं मोकळं अंतर) किती ठेवलाय ते सांग. आणि बोर्ड बाहेरून करून घेणार की घरी?

डिप्लोमावाला

घरीच सर, ग्लॉसी पेपरवर प्रिंट आणि इस्त्रीने टोनर तांब्यावर. म्हणून व्हाया 2 मिमीचा केला, भोक 0.8, ट्रॅक 0.8, क्लिअरन्स 0.5. सोमवारी सबमिशन आहे.

फेरिकक्लोराइड

मग बरोबरच आहे, सॉफ्टवेअरची काही चूक नाही. 2 मिमीचा व्हाया आणि चहूबाजूंनी 0.5, म्हणजे 3 मिमीचं मोकळं वर्तुळ पाहिजे, आणि ते दोन्ही लेयरवर पाहिजे. तू वरच्या लेयरवर बघतोयस, तिथे मोकळं दिसतं, पण बरोबर त्याच्या खाली एखादा पॅड (पिन सोल्डर करायची तांब्याची टिकली) असतो. ट्रॅक असला तर शोव्ह मोड त्याला ढकलून बाजूला करतो (सर्नच्या लोकांनी लिहिलेलं राउटर आहे ते, भारी काम आहे), पण पॅड कसा ढकलणार? राउट मेनूत इंटरॅक्टिव्ह राउटर सेटिंग्जमध्ये जाऊन थोडा वेळ हायलाइट कोलिजन्स कर, काय आडवं येतंय ते उजळून दिसेल. आयसीच्या पिनांमधून ट्रॅक काढायचं पण विसर, पिना 2.54 वर, पॅड 1.6 चा धरला तर मधे उरतात 0.94, तुझा ट्रॅकच 0.8 चा, क्लिअरन्स कुठून आणणार.

पण खरी गोम वेगळीच आहे आणि ती डीआरसी (किकॅडची नियम तपासणी) तुला कधीच सांगणार नाही. घरच्या बोर्डाच्या भोकात आतून तांबं नसतं. कारखान्यात प्लेटिंग होतं, तुझ्याकडे व्हाया म्हणजे तारेचा तुकडा, वरून आणि खालून सोल्डर केलेला. रिलेच्या किंवा सॉकेटच्या पॅडला वरच्या लेयरवरून ट्रॅक आणलास तर तो सोल्डर कसा करणार, वर तर रिलेचं बूड बसलंय! मी पहिल्या बोर्डाला हेच केलं होतं, स्क्रीनवर सगळं हिरवं आणि हातात निम्मा बोर्ड मेलेला.

म्हणून दोन लेयरचा नाद सोड. सगळं बी.सीयू.वर (खालचा लेयर) काढ, जिथे अडेल तिथे एफ.सीयू.वर (वरचा लेयर) दोन व्हायांमध्ये एक सरळ रेघ, ती रेघ म्हणजे जंपर, रेझिस्टरचे कापलेले पाय वापर. फक्त तो जंपर कुठल्या पार्टच्या पोटाखाली जाऊ देऊ नकोस.

बायपासकॅप

ऑटोराउटर नको, तो पाहिजे तिथे व्हाया पेरतो आणि प्रत्येक व्हाया तुला हाताने भरायचाय. रेघा कमी करायच्या तर राउटिंगला हात लावायच्या आधी स्कीमॅटिक (सर्किटची आकृती) बघ. रिलेसाठी मायक्रोकंट्रोलरच्या पिना तू कुठल्या घेतल्यास? 11 ते 14 घे (आर्डुइनोच्या भाषेत 5, 6, 7, 8), चारही ओळीत आहेत. यूएलएन 180 अंशात फिरवून अ‍ॅटमेगाच्या डावीकडे ठेव, मग अ‍ॅटमेगाच्या 14 समोर यूएलएनची 1, 13 समोर 2, 12 समोर 3, 11 समोर 4, चार समांतर ट्रॅक, एक पण जंपर नाही, आणि आउटपुट आपोआप पलीकडे रिलेच्या बाजूला. स्कीमॅटिकमध्ये बदल, एफ8 ने बोर्डवर आण, कोडमध्ये चार आकडे बदलले की झालं. 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर अ‍ॅटमेगाच्या 7 आणि 8 नंबरच्या पिनांच्या (सप्लाय आणि ग्राउंड) अगदी जवळ, त्या दोन पिना शेजारीशेजारीच आहेत, आळस करू नकोस.

व्हॉल्व्हच्या बाजूचे ट्रॅक मात्र जाड कर. एकाला अर्धा अँपिअर धरला तर कॉमनवर 2 अँपिअर, 35 मायक्रॉन तांब्याला 10 अंश तापायच्या हिशोबात साधारण 0.8 मिमी लागतो, तू सरळ 2 ठेव, इस्त्रीत टोनर कुठे ना कुठे तुटतोच.

तांब्याचीतार

सोमवार नसता तर म्हटलं असतं बाहेरून करून घे, प्लेटेड भोकं, 0.6 चा व्हाया, 0.3 चं भोक, हा सगळा वनवास वाचला असता. पण जाऊदे, हात काळे करून घे एकदा.

डिप्लोमावाला

पिना बदलल्या, यूएलएन फिरवला, रेघा 14 च्या डायरेक्ट 5 वर आल्या!! त्यातल्या 2 ग्राउंडच्या होत्या, झोन (मोकळी जागा तांब्याने भरणारा भाग) टाकून बी दाबलं तर गेल्या. म्हणजे 3 जंपर. आता प्रिंट काढतोय, बी.सीयू. मिरर करायचं ना?

फेरिकक्लोराइड

थांब थांब, नाही! किकॅड खालचा लेयर वरून बघितल्यासारखा दाखवतं आणि इस्त्रीने तो एकदा उलटतोच, त्यामुळे मिरर न करता काढ. बी.सीयू.वर तुझं नाव लिही, मजकुराला मिरर्डची टिक ठेवून. कागदावर नाव उलटं दिसलं तर प्रिंट बरोबर.