घरी शिकणारं पोर आणि झेडपीचं पोर: दोघांवरचे विनोद आता पुरे

सातारकर_आई
माझी लेक घरी शिकते. भाचा कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. परवा पै-पाहुण्यांच्या ग्रुपवर लागोपाठ दोन विनोद आले. पहिला: घरी शिकणाऱ्या पोराला विचारलं, वर्गात कितवा? म्हणे, पहिला. आणि शेवटून? शेवटूनही पहिला. दुसरा: झेडपीच्या पोराला विचारलं, आज काय शिकवलं? म्हणे, शिकवलं नाही, शिजवलं.

मला हसू आलं नाही, कारण हेच पुढं पोरांच्या तोंडावर येतं. लग्नाच्या मांडवात एका मामांनी लेकीला उभं केलं, "एकोणीसचा पाढा म्हण बघू." चारचौघं बघतायत म्हटल्यावर ती निम्म्यावर अडली. लगेच, "म्हणून शाळा लागते!" मग भाच्याला, "इंग्रजीत नाव-गाव सांग." त्याच मांडवात महागड्या इंग्रजी शाळेतलं पोर आईस्क्रीम खात होतं. त्याला कुणी काही विचारलं नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकण्यासाठी वेगळी तरतूद नाही, तशी शिक्षाही नाही. पुढं मुक्त विद्यालयातून दहावी देता येते, नाहीतर शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. पण १७ नंबर म्हटलं की लोकांना पोर नापास वाटतं. पोरांवर शिक्के मारणं मोठ्यांनी थांबवावं, एवढंच म्हणणं आहे.

गुरुजी, मिरज तालुका
ताई, लेकीचं ऐकून वाईट वाटलं. पण दोन्ही विनोद एका तागडीत घालू नका. तुमची लेक तुम्ही ठरवलंत म्हणून घरी आहे. माझ्या वर्गातल्या बऱ्याच पोरांच्या आईबापांना ठरवायला वावच नव्हता.

"शिजवलं" म्हणून हसणाऱ्यांनी एकदा दुपारी यावं. पहिली ते पाचवीला रोज मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. वाढण्याआधी आम्ही चव घेतो, वहीत नोंद करतो. सकाळी नुसत्या चहावर आलेलं पोर उसळीचा वास सुटला की शेडकडं बघत बसतं, फळ्याकडं नाही. जेवल्यावर तेच पोर गणित सोडवतं.

आणि या विनोदाची किंमत मोजावी लागते. लाज वाटून एक बाप पोराचं नाव काढतो, मग त्याचा शेजारी. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, शिक्षकाचं पद जातं. एका गुरुजीवर तीन-तीन वर्ग येतात. मग गाव म्हणतं, झेडपीत शिकवतच नाहीत.

कृष्णाकाठ_वाई
गुरुजी, "ठरवलंत" म्हणणं सोपं आहे. माझा मुलगा बोलताना अडखळतो. हजेरीला "उपस्थित" म्हणेपर्यंत अर्धा वर्ग त्याची नक्कल करून मोकळा व्हायचा. बाईंना सांगितलं, मुख्याध्यापकांना सांगितलं. शेवटी घरी घेतलं. एकलकोंडा म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी घाटावर यावं. पोहायला त्याच्याबरोबर झेडपीचीच पोरं असतात आणि तिथं त्याची नक्कल कुणी करत नाही.

विश्रामबागकर
तुमच्या मुलाची गोष्ट वेगळी, तिथं मी बोलणार नाही. पण धडधाकट पोराला हौसेनं घरी ठेवणं मला पटत नाही, आणि साताऱ्यात तर अजिबातच नाही. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव याच साताऱ्यात शाळेत दाखल झाले, वर्गात वेगळ्या तरटावर बसले. तरी शिकले. पुढं १९२४ मध्ये कर्मवीरांनी सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात, एका पंगतीत बसवली. शेजारी कोण बसतं यासाठीही शाळा असते.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. ज्यांना चार कागद वाचता येतात, जाब विचारता येतो, तेच पालक बाहेर पडले तर गळक्या छपराबद्दल बोलणार कोण?

तासगावचा_गडी
मी झेडपीत शिकलो. "शिजवलं"सारखे विनोद आम्ही पोरंच करायचो, पोट धरून हसायचो. आपल्याकडं पुणेकरांवर, कोल्हापूरकरांवर विनोद चालतात, कुणाचं काही बिघडत नाही. पोरांना एवढं जपलंत तर उद्या कॉलेजात, नोकरीत टोमणे कशी सोसतील?

सातारकर_आई
दादा, तुम्ही हसायचात तेव्हा ताट तुमच्याच हातात होतं. मांडवात हसणारे मामा त्या पंगतीला कधी बसलेले नाहीत. पुणेकर उत्तर द्यायला खमके आहेत. आठ वर्षांचं पोर मामांना उलट बोललं तर आधी आपणच त्याला दटावतो.

गुरुजी, पटाचं मला माहीत नव्हतं, मानते. विश्रामबागकर, समितीचा मुद्दाही खरा. पण छपराचा भार माझ्या लेकीच्या बालपणावर टाकायला मी तयार नाही.

सेविका, जत तालुका
सगळे विनोदावर अडलेत, म्हणून लिहिते. आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला जातात. शालाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला दारात गेलं की हल्ली एक नवं उत्तर मिळतं, "पोरगी घरीच शिकती." आत बघावं तर तेरा वर्षांची पोरगी धाकट्याला काखेत घेऊन भाकरी थापतीय. दप्तर नाही, वही नाही. वर्षभरानं तिच्या लग्नाची कुणकुण लागते, मग आमची पळापळ.

त्यामुळं घरी शिकणाऱ्या पोराला काही विचारूच नका, हे मला मान्य नाही. पाहुण्यांनी पाढे विचारू नयेत, बरोबर. पण कुणीतरी विचारलं पाहिजे. शाळेत निदान हजेरी असते, पोरगी चार दिवस दिसली नाही तर बाई चौकशी करतात. घरात कोण करणार?

सातारकर_आई
पण ताई, त्या घराचा संशय माझ्या घरावर का? लेकीच्या वह्या आहेत, वेळापत्रक आहे.

सेविका, जत तालुका
तुमच्याकडं वह्या आहेत, तर दाखवायला पाच मिनिटं लागतील. ज्या घरात नाहीत, तिथली पोरगी त्याच पाच मिनिटांत सापडते. शिकलेल्यांचं दार सोडून गरिबाचंच ठोठवलं तर तोही शिक्काच झाला की. मी दोन्ही दारं वाजवणार. राग आला तरी चालेल.