घोड्याला घाबरणारा घोडदळाचा जनरल?

रात्रपाळी:
सध्या अमेरिकेतल्या यादवी युद्धावर वाचन चाललंय, त्यात बेंजामिन ग्रिअरसन भेटला. म्हणे इलिनॉयमधल्या जॅक्सनव्हिल गावात गाणं-वाजवणं शिकवायचा, बँड चालवायचा, आणि लहानपणी घोड्यानं लाथ घातली तेव्हापासून त्याला घोडा नजरेसमोर नको असायचा. असा माणूस घोडदळाचा जनरल कसा झाला राव? की ही नंतर कुणीतरी रंगवलेली स्टोरी?

नकाशेवाला:
लाथेचं खरं आहे, आठ वर्षांचा होता, जेमतेम वाचला. १८६१ मध्ये त्याला पायदळात जायचं होतं पण गव्हर्नरनं उचलून ६व्या इलिनॉय घोडदळात मेजर केला, बसा आता!
नाव झालं ते १८६३ च्या धाडीनं. १७ एप्रिलला टेनेसीतल्या ला ग्रेंजहून १७०० स्वार घेऊन निघाला आणि २ मे ला लुईझियानात बॅटन रूजला पोचला, सोळा दिवसांत सहाशे मैल, तेही शत्रूच्या मुलखातून. ग्रिअरसन युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूनं; त्यांचा सेनापती ग्रँट ह्याला दक्षिणेच्या ताब्यातल्या व्हिक्सबर्ग शहराच्या खाली मिसिसिपी नदी ओलांडायची होती, तोवर तिथला दक्षिणेचा सेनापती पेंबरटन ह्याला दुसरीकडे धावायला लावायचं हे ग्रिअरसनचं काम. मला आवडतं ते हे की गडी वाटेत स्वतःची माणसं कमी करत गेला. आधी आजारी वगैरे १७५ जण परत धाडले, मग हाताखालच्या कर्नल हॅचची अख्खी २री आयोवा रेजिमेंट एका तोफेसकट मागे वळवली. त्यांनी ती एकुलती तोफ चिखलात चार वेगवेगळ्या ठिकाणी फिरवली, म्हणजे चाकोऱ्या बघून पाठलाग करणाऱ्याला वाटावं की चार तोफा परत गेल्या. शत्रू हॅचच्या मागे, हा निवांत दक्षिणेला.

शंकेखोर:
भारीच. पण अनोळखी मुलखात रस्ता कसा सापडला?

नकाशेवाला:
खिशात मिसिसिपी राज्याचा एक छोटा नकाशा, होकायंत्र आणि मोरचंग (तोंडाशी धरून वाजवायचं छोटं वाद्य). हो, मोरचंग! पुढे काही स्वार कॉन्फेडरेटांचे (दक्षिणेच्या सैन्याचे) कपडे घालून, सापडले असते तर हेर म्हणून फासावरच. २४ एप्रिलला न्यूटन स्टेशनात ह्यांनी दोन आगगाड्या पेटवल्या, आतला दारूगोळा फुटायला लागला तर मागून येणारी ह्यांचीच मंडळी लढाई जुंपली समजून घोडे फेकत आली :)

शंकेखोर:
एक धाड ठीक, पण डोक्यावर घेऊ नका. जून १८६४ मध्ये ब्राइसेस क्रॉसरोड्सच्या लढाईत दक्षिणेच्या जनरल फॉरेस्टनं युनियनवाल्यांना धुतलं तेव्हा घोडदळ ह्याच्याकडेच होतं की.

नकाशेवाला:
होतं, पण वरचा हुकूम युनियनच्याच जनरल स्टर्जिसचा, त्यानं पायदळ उन्हात पळवत आणून दमलेलं लढायला लावलं.

माळावरची:
नंतरचं पण लिहा की. १८६६ पासून वीसेक वर्षं तो १०व्या घोडदळाचा कर्नल होता, म्हणजे कृष्णवर्णीय स्वारांची रेजिमेंट, गोरे अधिकारी नाकं मुरडायचे आणि हा स्वतःच्या जवानांसाठी वरिष्ठांशी भांडायचा. रेग्युलर आर्मीत (कायमच्या सैन्यात) जनरल केलं १८९० मध्ये, त्याच वर्षी रिटायर पण.

रात्रपाळी:
धन्यवाद मंडळी. आत्ताच वाचलं, बॅटन रूज काही मैलांवर आलं तेव्हा सगळे स्वार झोपेनं आडवे झाले आणि ह्याला जागं राहायचं होतं म्हणून हा जवळच्या घरात शिरून पियानो वाजवत बसला.