मदत हवी आहे: जन्मतारीख एक दिवस मागे साठवली जाते

नमस्कार मंडळी,

आमच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये ५ मार्च ही जन्मतारीख निवडली, तरी डेटाबेसमध्ये ४ मार्च पडते. जावास्क्रिप्टचा डेट ऑब्जेक्ट भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीचा असतो आणि टू-आयएसओ-स्ट्रिंग (तारखेचा मजकूर बनवणारे फंक्शन) वापरताच तो यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), म्हणजे आदल्या दिवशीच्या १८:३० वर जातो, हे शोधायला मला दोन दिवस लागले. जुन्या कोडमध्ये तर '०५/०३/१९९०' ही स्ट्रिंग (साधा मजकूर) थेट पार्स केली, म्हणजे तारखेत बदलली असून क्रोम महिना आधी धरून ती ३ मे समजतो.

जन्मतारखेला मुळात वेळच नसते, म्हणून ती सर्वत्र 'वर्ष-महिना-दिवस' अशा साध्या स्ट्रिंगच्या रूपातच फिरवावी, असे माझे मत झाले आहे. मात्र डेटाबेसमधला कॉलम फक्त तारखेचा असल्यामुळे चुकलेली नोंद ओळखता येईल अशी १८:३० ही खूणही उरलेली नाही. अशा वेळी आधीच चुकलेल्या नोंदी बरोबर नोंदींपासून कशा वेगळ्या काढाव्यात, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.