स्वतःची गाडी न नेता गणपतीपुळे आणि मालवण: प्रवासाची आखणी कशी करावी?

घाटवाट

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण पुण्याहून कोकणात जाणार आहोत. मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि माझे आई-बाबा. बाबा ७७ वर्षांचे आहेत, आई ७० वर्षांची आहे आणि बाबांच्या गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. गणपतीपुळ्याला दोन रात्री आणि मालवण किंवा तारकर्लीला तीन रात्री राहावे, असा विचार आहे. आम्ही दोघेही गाडी चालवत नाही. त्यामुळे पुण्यातूनच चालकासह मोठी गाडी सहा दिवसांसाठी ठरवावी, की रेल्वेने जाऊन तिथे स्थानिक वाहनांवर भागवावे, हे ठरत नाही. चिपीच्या विमानतळाचाही विचार मनात येऊन गेला. मुलीला गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीत बसायचे आहे. तिच्यासाठी वाट थोडी वाकडी करावी लागली तरी चालेल. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खाडीपलीकडे

नकाशावर कोकण रेल्वे किनाऱ्याला समांतर धावताना दिसते आणि बाहेरून येणाऱ्यांचा अंदाज नेमका तिथेच चुकतो. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग जानेवारी १९९८मध्ये पूर्ण खुला झाला; पण समुद्राला मिळताना नद्यांच्या खाड्या रुंद होत जातात, म्हणून लोहमार्ग किनाऱ्यापासून बराच आत, सह्याद्रीच्या बाजूने नेलेला आहे. परिणामी गणपतीपुळे, गुहागर, दापोली, मालवण, वेंगुर्ले यांपैकी एकाही गावाला स्वतःचे रेल्वेस्थानक नाही. रत्नागिरी स्थानकापासून गणपतीपुळे सुमारे तीस किलोमीटर आहे, कुडाळपासून मालवणही साधारण तेवढेच. तुमच्या आखणीतला खरा प्रश्न या शेवटच्या टप्प्याचा आहे. बाकीचा प्रवास रेल्वे उत्तम करते.

म्हणून मी असे सुचवीन. पुण्याहून थेट कोकणात जाणाऱ्या रेल्वेगाड्या मोजक्याच असल्यामुळे पनवेल गाठावे आणि तिथून सकाळची जनशताब्दी किंवा मांडवी एक्स्प्रेस धरून रत्नागिरीला उतरावे. जनशताब्दी पनवेलला फार लवकर येते, त्यामुळे तिच्यासाठी आदल्या रात्री पनवेलला मुक्काम करावा लागेल. मांडवी जरा उशिरा येते आणि दुपारी रत्नागिरीला पोहोचवते. गणपतीपुळ्याहून मालवणकडे जाताना किनाऱ्याच्या रस्त्याचा मोह टाळून पुन्हा रत्नागिरी स्थानकावर यावे आणि रेल्वेने कुडाळ गाठावे. रेल्वेला या टप्प्यासाठी दोन-अडीच तास लागतात. जैतापूर, देवगडमार्गे जाणारा किनारी रस्ता अतिशय देखणा आहे, यात शंका नाही. परंतु त्याची वळणे आणि चढउतार लक्षात घेता ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चार-पाच तास गाडीत बसवून तो दाखवण्यात अर्थ नाही.

स्थानकावरून पुढे जाण्यासाठी पाच माणसे आणि सामान एका रिक्षात मावणार नाही. ज्यांच्याकडे राहणार आहात त्यांनाच, आरक्षण करतानाच, गाडी पाठवायला सांगावे. किनाऱ्यावरच्या बहुतेक घरगुती निवासवाल्यांची गावातल्या कोणा ना कोणा गाडीवाल्याशी बोली असते आणि तो स्थानकाबाहेर उभा राहतो. भाडे मात्र फोनवरच पक्के करावे, कारण या भागात मीटरप्रमाणे कोणी नेत नाही आणि शहरातल्या मोबाइल अॅपवरच्या टॅक्सीच्या भरवशावर तर मुळीच राहू नये. रत्नागिरीहून जाताना आरे-वारेमार्गे न्यावे, असेही सांगून ठेवावे. निवळीमार्गे जाणारा रस्ता आतून जातो आणि समुद्र दिसतो तो गणपतीपुळ्यालाच; आरे-वारेच्या रस्त्यावर चढावर आलात की दोन्ही पुळणी एकदम खाली दिसतात.

लालपरी

वरच्या उत्तरात एसटीचा उल्लेखही नाही, याचे नवल वाटले. तुमच्या कुटुंबाला तिचा जितका लाभ मिळेल तितका क्वचितच कोणाला मिळतो. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तर वर्षांपुढील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयोगटाला अर्धे तिकीट आहे आणि मार्च २०२३पासून सर्व महिलांनाही अर्धे तिकीट आहे. म्हणजे पूर्ण तिकीट फक्त तुमचे लागेल. वयाच्या पुराव्यासाठी आई-बाबांची आधार कार्डे पिशवीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवा. वाहक तिकीट फाडायला येतो तेव्हा गाडी हलत असते आणि मागे खोळंबाही असतो. ‘आवडेल तेथे प्रवास’चा चार किंवा सात दिवसांचा पास या सवलतींमुळे तुमच्या घरासाठी आतबट्ट्याचा ठरेल, तो घेऊ नये.

आता अडचणीही सांगतो. साध्या गाडीची पहिली पायरी उंच असते, त्यामुळे बाबांना दर वेळी आधार द्यावा लागेल. रत्नागिरीचे रेल्वेस्थानक शहराबाहेर आहे आणि एसटी स्टँड शहरात, म्हणजे मध्ये एक रिक्षा आलीच. कुडाळहून मालवणला जाणाऱ्या गाडीची पाटी पाहताना ती चौकेमार्गे जाते की कसालमार्गे, हे विचारून घ्यावे. वेळेत फरक पडतो. संध्याकाळनंतर आतल्या गावांकडे बहुधा वस्तीची गाडी तेवढी जाते, म्हणजे जी रात्री गावातच मुक्काम करते आणि पहाटे परत निघते. ती चुकली की मग गाडीवाला सांगेल ते भाडे. तारकर्ली आणि देवबागला जायचे असल्यास उजेड असतानाच मालवण सोडावे, हे त्याच कारणाने.

माझ्या मते लांबचा पल्ला रेल्वेने आणि जवळची फिरती दिवसाउजेडी एसटीने केल्यास गैरसोय होणार नाही. मालवण शहरातून तारकर्ली सात-आठ किलोमीटरच आहे. तेवढ्यासाठी दिवसभराची गाडी घेणे ही उधळपट्टी आहे.

सड्यावरचा

मला हे दोन्ही सल्ले तरुण माणसांसाठी दिल्यासारखे वाटतात. पुणे ते पनवेल, पनवेल ते रत्नागिरी, स्थानक ते मुक्काम, पुन्हा मुक्काम ते स्थानक, मग कुडाळ आणि मालवण, अशी दर वेळी पाच जणांची चढउतार सामानासह करायची, तीही गुडघे दुखणाऱ्या माणसाने? चालकासह गाडी पुण्याच्या दारातून निघते आणि पुळ्याच्या दारात थांबते. घाटमाथ्यावरून जायचे असल्याने मुंबई-गोवा महामार्गावर, जिथे चौपदरीकरण २०११पासून रेंगाळत आले आहे, तुम्हाला बराच काळ काढावाही लागत नाही. कोल्हापूरच्या अलीकडून किंवा कोल्हापुरातून आंबा घाटाने खाली उतरावे आणि परतताना मालवणहून फोंडा घाटाने वर यावे. डिसेंबरात घाट कोरडे असतात. पावसाळ्यात मात्र हा सल्ला मी दिला नसता.

खर्च जास्त होतो हे मान्य. बाहेरगावच्या भाड्यात बहुधा दिवसाला अडीचशे ते तीनशे किलोमीटर धरूनच आकारणी होते, गाडी उभी राहिली तरी, आणि वर चालकाचा भत्ता व त्याच्या राहण्याची सोय. मालवणच्या तीन दिवसांत तुमचे पन्नास किलोमीटरही होणार नाहीत. त्यावर तोडगा म्हणजे गाडी फक्त सोडायला आणि शेवटी न्यायला बोलवावी. तसे करण्यास गाडीवाले परतीचे रिकामे भाडे मागतात. तरीही दोन्ही हिशेब कागदावर मांडून पाहावेत.

घाटवाट

सर्वांचा आभारी आहे. बाबांशी बोललो. त्यांना रेल्वेचाच प्रवास हवा आहे, कारण गाडीत पाय लांब करता येत नाहीत, हे त्यांनीच लक्षात आणून दिले. आता तीन शंका उरतात. विमानाचा पर्याय पूर्णपणे सोडून द्यावा का? फेरीबोट कुठे जमवावी? आणि कुडाळहून परतताना रात्रीची गाडी घ्यावी की दिवसाची?

खाडीपलीकडे

विमान या खेपेला सोडून द्यावे. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झाला आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या मधोमध असल्यामुळे जागा सोयीची आहे. परंतु तिथल्या सेवा वारंवार बदलत आल्या आहेत, त्यामुळे ज्येष्ठांसह केलेली आखणी त्यावर टांगून ठेवू नये. जानेवारी २०२३पासून गोव्यातला मोपाचा विमानतळ सुरू आहे आणि सावंतवाडी, वेंगुर्ले यांना तो जवळ पडतो. ज्यांना फक्त दक्षिण सिंधुदुर्ग पाहायचा आहे त्यांच्यासाठी तो खरोखर चांगला पर्याय आहे. तुम्हाला आधी गणपतीपुळे गाठायचे असल्याने त्याचा उपयोग नाही.

फेरीबोटीसाठी वाट वाकडी करण्याचीही गरज नाही. गणपतीपुळ्याहून मालगुंडमार्गे जयगड वीस किलोमीटरच्या आत-बाहेर आहे आणि तिथून शास्त्री नदीची खाडी ओलांडून पलीकडे तवसाळला फेरीबोट जाते. अर्ध्या दिवसासाठी स्थानिक गाडी ठरवावी, गाडीसकट बोटीत चढावे, तवसाळला उतरून पुढच्या फेरीने परत यावे आणि उरलेल्या वेळात जयगडचा किल्ला पाहावा. गाडी न घेता नुसते चालतही बोटीत चढता येते, पण मग पलीकडच्या काठावर वाहन मिळेल याची खात्री देता येत नाही. दाभोळ-धोपावेची फेरीबोट अधिक प्रसिद्ध आहे, २००३पासून चालू आहे. पण ती गुहागरच्याही उत्तरेला आहे आणि तुमच्या मार्गात बसत नाही. जयगडला निघण्यापूर्वी शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर किंवा मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्यावी.

परतीला दिवसाची मांडवी घ्यावी. कोकणकन्या आणि तुतारी या रात्रीच्या गाड्या झोपेच्या दृष्टीने सोयीच्या वाटतात खऱ्या, पण त्या पनवेलला अंधार असतानाच उतरवतात आणि तिथून पुण्याचा प्रवास उरतोच. मांडवी सकाळी उशिरा कुडाळला येते व रात्री पनवेलला पोहोचवते; पनवेल ते पुणे एवढ्या टप्प्यासाठी मात्र गाडी आधी ठरवून ठेवावी. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, म्हणजे तुमच्या तारखांचे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. बाबांच्या नावासमोर खालचा बर्थ हवा असल्याची नोंद त्याच वेळी करावी.

जाताना विचार बदलून रात्रीची गाडी घ्यायची ठरलीच, तर एक गोष्ट पाहून घ्या: कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि पनवेलला पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटून तारीख बदललेली असते. पनवेलहून चढणाऱ्याच्या तिकिटावर त्या दुसऱ्या दिवसाची तारीख हवी.