रात्रीचा डोस वाढवायच्या आधी पहाटे 3 ची शुगर बघा

दादा, वडिलांची झोपताना 140 आणि सकाळी उपाशीपोटी 220 येते म्हणून रात्रीचं मिक्सटार्ड इन्सुलिन 4 युनिटने वाढवायचं म्हणताय, प्लीज लगेच वाढवू नका. आधी दोन-तीन रात्री पहाटे 3 चा गजर लावून शुगर बघा. तेव्हा 140 च्या आसपासच असेल आणि मग चढत असेल तर तो डॉन फिनॉमेनन, पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात आणि काही खाल्लेलं नसलं तरी लिव्हर साखर सोडायला लागतं. 3 लाच 200 असेल तर रात्रीचं जेवण किती आणि किती वाजता होतं ते बघा. पण 70 च्या खाली आली तर डोस वाढवणं डेंजरच आहे हो, कारण मिक्सटार्ड 30/70 मधलं 70 टक्के एनपीएच म्हणजे हळूहळू काम करणारं इन्सुलिन असतं, ते साधारण 4 ते 10 तासांत जोरात असतं म्हणजे 8 ला टोचलं तर बरोब्बर मध्यरात्रीनंतर, घरचे सगळे गाढ झोपेत असताना.

आमच्या आईला हेच व्हायचं, मानेखालची उशी घामाने ओली आणि सकाळी डोकं जड. डॉक्टरांनी मिक्स बंद करून जेवणाआधी रेग्युलर (लवकर काम करणारं इन्सुलिन) आणि एनपीएच वेगळं झोपताना द्यायला सांगितलं, त्याने रात्री शुगर लो होणं पण थांबलं आणि पहाटेचं पण कव्हर झालं. ग्लार्जिन या जास्त वेळ चालणाऱ्या इन्सुलिनचा पण पर्याय असतो, महाग पडतं जरा. रीडिंग वेळेसकट वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा आणि 3 ला किती आली ते इथे नक्की सांगा.