लाइट ड्यूजला मराठीत काय म्हणावं? दीपकर, टोल की दिवाबत्ती?

अमळनेरचे मास्तर:
नववीच्या मुलांच्या हस्तलिखितासाठी एक टिपण लिहून देतोय. किनाऱ्यावर नवा दीपस्तंभ उभा राहतो, त्याचे पैसे कोण भरतं, असा विषय. उत्तर एका ओळीचं: जहाजं भरतात. इंग्रजीत त्या पैशाला लाइट ड्यूज म्हणतात, आणि गाडी तिथंच अडलीय. 'टोल' म्हणावं तर पोरं विचारतात, 'सर, समुद्रात नाका कुठं असतो?' समुद्र फारसा कुणी पाहिलेला नाही, सोनगीरचा टोलनाका मात्र सगळ्यांना ठाऊक. 'दीपकर' लिहावं तर आडनाव वाटतं. जाणकारांनी सुचवावं.

भुसावळवाला:
लाइटबिल म्हणा ना भो. लगेच कळंल, आणि भरायचं कुणी हा वादही घरोघरी सारखाच.

चोपड्याचा दर्यावर्दी:
मास्तर, पोरांचा प्रश्न बरोबर आहे. समुद्रात नाका नसतो, म्हणून हे पैसे बंदरात घेतात. जहाज भारताच्या बंदरात आलं किंवा बंदरातून निघालं की त्याच्या नोंदलेल्या टनेजवर, म्हणजे आकारमानावर, आकारणी होते. कस्टमवाले वसूल करतात. आमच्या वतीनं एजंट भरतो आणि पावती झाल्याशिवाय पोर्ट क्लिअरन्स मिळत नाही, म्हणजे जहाज बंदर सोडू शकत नाही. हाच काय तो नाका!

१९२७ च्या दीपस्तंभ कायद्यात एक सोय होती: एकदा भरलं की ३० दिवस पुन्हा मागायचं नाही. मधल्या काळात मुंबई, कोची, चेन्नई अशी कितीही बंदरं करा. टोलचं तसं नसतं, दर नाक्यावर खिशात हात घालावा लागतो. त्यामुळे 'टोल' हा शब्द मला तरी पटत नाही.

आणखी एक. आखातातून निघून थेट कोलंबोला जाणारं जहाज रात्री आपल्या दिव्यांच्या उजेडात वाट शोधतं आणि आपल्या एकाही बंदरात न शिरता निघून जातं. त्याच्याकडून एक पैसा मिळत नाही. उजेड अडवता येत नाही, बंदर अडवता येतं. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत दीपस्तंभाचं उदाहरण येतं ते ह्याच कारणानं.

नंदुरबारची ताई:
मग शब्द आपल्या घरातच आहे की! ग्रामपंचायतीची पावती काढून बघा. घरपट्टी, पाणीपट्टी, आरोग्य, आणि त्याच पावतीवर 'दिवाबत्ती'. गावातल्या खांबांवरच्या दिव्यांसाठी गावकरी कर भरतात. रात्री एसटीतून उतरून पुढच्या पाड्याला चालत जाणारा माणूस त्याच दिव्याखालून फुकट जातो, त्याला कुणी पावती मागत नाही. दादांनी सांगितलेलं कोलंबोचं जहाज म्हणजे हाच माणूस. 'जहाजांची दिवाबत्ती' म्हटलं तर नववीच्या पोराला समजावून सांगायला लागणार नाही.

भुसावळवाला:
आणि खांबावरचा दिवा बंद असला तरी कर भरावाच लागतो, हेही समजावून सांगायला लागणार नाही.

धुळ्याचे वकील:
ताईंचा शब्द गोड आहे, पण 'कर' जोडताना जपून. कर भरणाऱ्याला अमुकच सेवा मिळेल असं सरकार बांधील नसतं. शुल्क मात्र सेवेच्या बदल्यात असतं. १९२७ च्या कायद्यात हे पैसे कशासाठी घ्यायचे ते स्पष्ट होतं: भारताकडे येणाऱ्या-जाणाऱ्या आणि भारताच्या बंदरांमध्ये ये-जा करणाऱ्या जहाजांसाठी दीपस्तंभ उभारायला आणि सांभाळायला. म्हणजे हे शुल्क झालं. नेमकेपणा हवा असेल तर 'दीपस्तंभ शुल्क' लिहा.

तसा तो कायदाही आता राहिला नाही. २०२१ मध्ये नवा आला. त्यात नुसते दिवे नाहीत, तर जहाजाला वाट दाखवणारी सगळीच साधनं आली, रेडिओवर चालणारीसुद्धा. शुल्काचं नावही त्याप्रमाणे बदललं. 'सागरी नौकानयन साहाय्य शुल्क' असं काहीतरी मराठीत करावं लागेल. पोरांवर दया करा आणि ते टिपणात घालू नका.

रावेरहून:
सीमेपलीकडे मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूरकडे, हिंदीत नावेच्या भाड्याला 'उतराई' म्हणतात. रामाला गंगेपार नेणारा केवट उतराई घेत नाही, ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे उतराई होणं म्हणजे उपकार फेडणं. मूळ एकच, उतरणं. पाण्यावरून उतरवल्याचे पैसे आणि डोक्यावरचं ओझं उतरवणं, दोन्ही ह्या एका शब्दात. 'दिव्याची उतराई' कसं वाटतं?

धुळ्याचे वकील:
कवितेत चालेल. कस्टमच्या पावतीवर नाही.

चोपड्याचा दर्यावर्दी:
रावेरकर भाऊ, ऐकायला छान आहे, पण दिवा आपल्याला कुठं उतरवत नाही. तो फक्त सांगतो की खडक इकडं आहे. प्रत्येक दीपस्तंभाची उघडझाप ठरलेली असते. किती सेकंदांनी किती वेळा चमकणार ते नकाशावर लिहिलेलं असतं. आम्ही ती मोजतो आणि ओळखतो, हा अमका, तो तमका. मुंबईजवळचा प्राँग्ज दीपस्तंभ १८७५ चा आहे. खांदेरीचा त्याच्याही आधीचा, १८६७ चा. आता त्याला कान्होजी आंग्रे दीपस्तंभ म्हणतात. कान्होजींच्या काळात त्या पाण्यातून जायचं तर पैसे देऊन त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं लागे. तेव्हा पैसे रस्ता दिल्याचे होते, आता रस्ता दाखवल्याचे आहेत. टिपणात हा फरक आला तर बरं.

अमळनेरचे मास्तर:
येईल. दस्तक कुणाच्या लक्षात नव्हतं. आता पैसे बाजूला ठेवू. इमारतीला 'दीपस्तंभ' बरा की 'दीपगृह'? आमच्या वर्गात 'दीपस्तंभ' म्हटलं की अर्ध्या मुलांना जळगावची स्पर्धा परीक्षेवाली संस्था आठवते.

नंदुरबारची ताई:
सरकारी खात्याच्या हिंदी नावात 'दीपस्तंभ' आणि 'दीपपोत' आहेत. दीपपोत म्हणजे जिथं बांधकाम करता येत नाही तिथं नांगरून ठेवलेलं दिव्याचं जहाज. 'दीपगृह' ऐकलं की मला देवघर आठवतं. तुमच्या मुलांना गावच्या देवळापुढची दीपमाळ दाखवा, म्हणजे स्तंभ आपोआप कळेल.

रावेरहून:
'मनोरा' का नको? तो मूळचा अरबी 'मनारा', अर्थ उजेडाची किंवा अग्नीची जागा. म्हणजे दीपस्तंभच! आपण त्यातला उजेड काढून टाकला आणि नुसती उंची ठेवली. आता दूरसंचारचाही मनोराच म्हणतो. बंदर, नाखवा, खलाशी हेही फारसी-अरबीतूनच आलेले. आपला कापूस ज्या वाटेनं नंदुरबारवरून सुरतेला जायचा, त्याच वाटेनं ह्यातले काही इकडं आले असतील तर नवल नाही.

धुळ्याचे वकील:
शेवटचं वाक्य अंदाज आहे, हे मुलांना सांगा.

रावेरहून:
'असतील तर' लिहिलंय की वकीलसाहेब.

अमळनेरचे मास्तर:
शीर्षक 'जहाजांची दिवाबत्ती', आत पहिल्यांदा 'दीपस्तंभ शुल्क' आणि मग सगळीकडे नुसतं 'शुल्क', असं करतो. मनोऱ्याची चौकट वेगळी टाकतो. दर्यावर्दी भाऊ, उघडझापीचं कोष्टक कसं वाचायचं ते चार ओळींत लिहून पाठवाल का? पोरं आत्तापासूनच टॉर्च घेऊन तयार आहेत.

चोपड्याचा दर्यावर्दी:
पाठवतो. टॉर्चचे सेल त्यांच्याकडून घ्या, नाहीतर तुमचीच दिवाबत्ती व्हायची.