काजूचा हंगाम, बागेत मेलेलं माकड: आईला पाठवू का?

बांद्याची लेक: आमची काजूची बाग सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, रानाला लागूनच. आई रोज बी वेचायला जाते. काल खालच्या वहाळात माकड मेलेलं दिसलं, म्हणून माकडतापाची भीती वाटते. आई म्हणते, बी पडली की उचलायलाच हवी, नाहीतर साळिंदर खातं. मी मुंबईत, जीव टांगणीला लागलाय. काय करू?

निवृत्त आरोग्यसेविका: ताई, आधी प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. माकडाला कुणी हात लावायचा नाही, पुरायलासुद्धा नाही. माकडताप गोचीड चावून होतो, आणि माकडाचं अंग गार पडलं की गोचिडी त्याला सोडून पातेऱ्यात, म्हणजे पालापाचोळ्यात, उतरतात. म्हणून त्या जागेभोवती पन्नास मीटरपर्यंत मॅलाथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारतात. तोवर तो कोपरा सोडा, बी गेली तर जाऊ दे.

२०१६ साली दोडामार्गात माकडतापाची साथ आली, तीही याच दिवसांत. डिसेंबर ते मे या काळात गोचिडीची पिल्लं रानात सर्वांत जास्त असतात आणि माणसाला चावतात ती हीच, तिळापेक्षा लहान. चावलेलं कळतही नाही. आईला साडीखाली लांब पँट आणि मोजे घालायला सांगा, उघड्या अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डेपा किंवा डीएमपी तेल. घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात, साबणाने आंघोळ, आणि परकराच्या नाडीखाली, काखेत, गुडघ्यामागे कुणीतरी उजेडात नीट बघायचं. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका, रॉकेल लावू नका.

चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं तर त्याच दिवशी केंद्रात जा आणि बागेतल्या माकडाचं आवर्जून सांगा. ॲस्पिरिन अजिबात नको.

गोठेवाला: गुरांचं विसरू नका. गुरं या तापाने आजारी पडत नाहीत, पण मोठी गोचीड त्यांच्याच रक्तावर पोसते, मग खाली पडून अंडी घालते. पशुवैद्यांना विचारून गुरांना औषध लावा. आणि गोठ्यात अंथरायला रानातला पातेरा आणत असाल तर तो बंद करा, भाताचं पिंजर वापरा.

बांद्याची लेक: लस मिळेल का?

निवृत्त आरोग्यसेविका: जुनी लस फारशी उपयोगी पडेना, २०२२ मध्ये बंद केली. सध्या तेल आणि तपासणी, हेच.

बांद्याची लेक: केंद्रात फोन लावला. उद्या सकाळी माणसं येतायत, तेलही देणार आहेत. आईला तोवर घरी बसवलंय.